उजव्या हाताचे आभार

माब्लेआजीने जहाजावरच्या पहिल्याच सकाळी हिल्के नावाच्या नर्सला गोळ्या परत केल्या. गोळ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हिल्केने त्या डाव्या हाताने पुढे केल्या होत्या.

"हिला सांग," आजी शेजारी उभ्या असलेल्या सेफाकोला म्हणाली, "मी काही परसातली कोंबडी नाही, डाव्या हाताने दाणे टाकायला."

सेफाको ही वॉर्डातली दुभाषी. लोमे या बंदराच्या शहरातल्या एका शाळेत ती इंग्रजी शिकवायची. मिशनचं हे दवाखान्याचं जहाज बंदराला लागलं, रविवारच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबुवांनी विचारलं की बिनपगारी सेवा कोण करील, आणि सगळे एकमेकांच्या टोप्यांकडे बघत असताना हिचा हात वर गेला. तिचा एक नेम होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. जे बोललं जाईल तेवढंच पलीकडे पोचवायचं, पदरचं मीठ नाही की साखर नाही. त्यामुळे तिने हिल्केला कोंबडीसकट सगळं सांगितलं. हॉलंडहून आलेली ती उंच, दणकट बाई कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. बिचारी जन्माची डावरी होती.

मग सेफाकोने तिला बाजूला घेऊन समजावलं. इथे डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत. द्यायची वेळ आलीच तर आधी म्हणायचं, "डावा हात आहे हं." समोरचा म्हणतो, "हातच आहे." की मिटलं. हिल्केने ते वाक्य घोटून घोटून पाठ केलं. तिचे उच्चार ऐकून पेशंट उशीत तोंड खुपसून हसायचे, पण उत्तर सगळे द्यायचे. "हातच आहे, बाई, हातच आहे." एकटी माब्लेआजी मात्र गोळी घ्यायची, पाण्याबरोबर गिळायची आणि भिंतीकडे तोंड करायची. उत्तर नाही म्हणजे नाही.

"एवढं काय अडलंय तुमचं?" सेफाकोने एकदा विचारलं. "दोन शब्द तर आहेत."

"माझं पुष्कळ अडलंय," आजी म्हणाली.

आजी बागिडा गावची. किनाऱ्यावर तिची मासे धुरवण्याची शेड होती. पोरं लहान असताना पामतेलाची उकळती कढई तिच्या उजव्या अंगावर कलंडली. जखम भरली, पण कातडी आखडून अशी चिकटली की कोपर पुन्हा उघडलं नाही. मूठ कायमची हनुवटीखाली आली. नवरा गेला, पोरांना पोरं झाली, केस पिकले, हात तिथेच. माणूस धडधाकट असून डाव्याने दिलं तर उद्धट, आणि लाचारीने दिलं तर दर वेळी माफी. आजीने इतकी वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात मासा ठेवताना "डावा हात आहे हं" म्हटलं होतं. प्रत्येकाने मान तिरकी करून "हातच आहे" म्हटलं होतं.

"कीव करतात मेले," आजी म्हणाली. "कान किटले माझे. मासा घ्यायचा तर घ्या, वर ही दयेची फोडणी कशाला? आणि हिचा उजवा तर चांगला शाबूत आहे. माफी मागण्यापेक्षा उजव्याने दे की म्हणावं."

हेही सेफाकोने जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून हिल्के आजीला गोळ्या उजव्या हाताने द्यायला लागली. निम्म्या वेळा त्या जमिनीवर पडायच्या.

ऑपरेशन झालं. मांडीची कातडी काढून कोपरात लावली. आठवडे पट्ट्यांत आणि फळीत गेले आणि मग खरी लढाई सुरू झाली. वॉर्डाच्या भिंतीशी उभं राहायचं, उजव्या हाताची बोटं भिंतीला टेकवायची आणि मुंगीसारखी एकेक करत वर चढवायची. जिथे थांबतील तिथे हिल्के पिवळी चिकटपट्टी लावायची. दुसऱ्या दिवशी बोटांनी ती पट्टी ओलांडायची. कातडी ताणली की आजीच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"हिच्या घरी गुरं आहेत का विचार. माणसांना अशी हाकत नाहीत."

सेफाकोने विचारलं. "गाई आहेत," हिल्के म्हणाली. "पण त्या माझं ऐकतात."

"ऐकतील नाही तर काय. त्यांना बोलता येत नाही म्हणून."

"आजी, अजून एक बोट."

"एक बोट म्हणे. हिला माझ्या शेडीत आण. धुरात उभी करते एक दिवस, मग बघू किती बोटं मोजते ते."

असं रोज चालायचं. जेवणावरून वेगळं. जहाजावरच्या भाताला मिरचीचा वाससुद्धा नाही, याबद्दल आजीने देवाकडे तक्रार केल्याचं सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांनी ऐकलं होतं. आजी रविवारी चर्चला जायची आणि सोमवारी पूर्वजांसाठी जमिनीवर पाणी ओतायची. विचारलं तर म्हणायची, दोन्ही घरची माणसं आहेत, कुणाला नाराज का करा. वॉर्डातले लोक हात जोडून आभार मानू लागले की जहाजावरची मंडळी म्हणायची, आमचे नको, देवाचे माना. आजीला ते पटायचं नाही. "देवाचे मानीनच. ते माझं त्याचं बघून घेईन. पण हात शिवला तो तुम्ही. त्याच्या नावावर खपवून सुटू नका."

आणि तरी पट्ट्या वर वर सरकत होत्या. खांद्याशी, मग कानाशी, मग डोक्यावर. एका सकाळी आजीने उजव्या हाताने स्वतःचं डोक्याचं फडकं बांधलं. बांधून झाल्यावर तिने कुणाकडे बघितलं नाही, पण त्या दिवशी ती हिल्केला एरवीसारखं गुराखीण म्हणाली नाही.

एके दिवशी उत्तरेकडचा एक पेशंट घरी निघाला. तो रडला, हिल्केच्या गळ्यात पडला, दहा वेळा आभार मानून बसमध्ये बसला. हिल्केलाही भरून आलं. सेफाको मात्र शाळेतल्या बाईंच्या सुरात म्हणाली, "हे काहीच नव्हे. हे नुसते निरोपाचे शब्द. आमच्याकडचे खरे आभार दुसऱ्या दिवशी असतात."

"दुसऱ्या दिवशी का?"

"घेतलं त्याच क्षणी आभार मानले तर ते हात झटकून मोकळं होणं झालं. माणूस आधी घरी जातो. घरच्यांना दाखवतो काय मिळालं ते. रात्री ते मनात घेऊन झोपतो. सकाळी उठला की तोंड धुतो आणि दुसऱ्या कुणाशी एक शब्दही न बोलता, घरच्यांना बरोबर घेऊन येतो आणि म्हणतो, कालचे आभार. दिवसाचा पहिला शब्द तुझ्यासाठी. तुला कधी दिसलं नाही, कारण तुझे पेशंट लांबचे. बसने गेले की गेले." आणि मग सेफाकोची जीभ जरा पुढे धावली. "पण माब्लेआजी बागिडाची आहे. झेमीच्या मोटारसायकलवर बसलं की आलंच. ती जाईल त्याच्या दुसऱ्या दिवशी तू धक्क्यावर ये. आमची माणसं आभार कसे मानतात ते तुला दाखवते."

एरवी पदरचं मीठ न घालणाऱ्या बाईने आजीच्या वतीने वचन देऊन टाकलं होतं, तेही आजीला न विचारता. पण त्यात विचारायचं काय, असं तिला वाटलं. सूर्य उगवणार का, असं कुणी सूर्याला विचारतं का?

पुढे सगळं बिनसलं. जहाज निघायचा दिवस ठरला. वॉर्ड रिकामा होऊ लागला. आजीलाही बाकीच्यांबरोबर दोन दिवस आधी घरी जायचं होतं, पण कोपराजवळ नव्या कातडीची एक कड ओली झाली आणि डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. कड सुकली ती शेवटच्या दुपारी. संध्याकाळी बाहेरच्या माणसांना जहाज बंद होणार होतं आणि पहाटे ते बंदर सोडणार होतं. म्हणजे आजीच्या आभारांना दुसरा दिवसच उरला नाही.

सेफाकोने मनाची समजूत घातली. वेळच तशी आहे, आजी आजच दोन शब्द बोलेल. कोणीही बोलेल.

शेवटच्या दुपारी वॉर्डात सगळी मंडळी जमली. गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या आणि एकट्या माब्लेआजीची चादर पसरलेली होती. गिटार आली, एक गाणं झालं, प्रार्थना झाली. आजीचा मुलगा आयिते आईला न्यायला आला होता, तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता. आजीने ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं आणि डोक्याला तसंच निळं फडकं बांधलं होतं. वॉर्डप्रमुख बाई म्हणाल्या, "आमच्या शेवटच्या पेशंट. आजी, तुम्हाला काही बोलायचं आहे का?"

सेफाकोने विचारलं. कुणीतरी फोनवर चित्रीकरण सुरू केलं.

आजीने सगळ्यांवरून नजर फिरवली. "माझी पिशवी कुठे आहे?" ती म्हणाली.

पिशवी आयितेकडे होती. "मग झालं," आजी म्हणाली. "मी घरी जाते. उद्या बघू."

सेफाकोने तोंड उघडलं. पदरचं सांगणं किती सोपं होतं. आजी म्हणतात, तुम्ही मला हात परत दिलात, मी जन्मभर विसरणार नाही. कुणाला कळलं असतं? पण नेम तो नेम. "त्या म्हणतात," सेफाकोने इंग्रजीत सांगितलं, "मी घरी जाते. उद्या बघू."

गिटारवाल्याने उगीचच एक तार छेडली. फोनवाल्याने फोन खिशात टाकला. हिल्के पुढे आली. सवयीने तिचा डावा हात पुढे झाला होता, तो तिने मागे घेतला आणि उजवा केला. आजीने त्या हाताकडे बघितलं, स्वतःचा नवा उजवा हात पोटाशी धरला आणि म्हणाली, "आज नाही."

"आज नाही," सेफाको म्हणाली.

हिल्के हसली. ते हसू ओठांच्या वर गेलंच नाही. आजी मान ताठ ठेवून, निळं लुगडं सावरत चालती झाली.

सेफाकोने तिला जिन्यावर गाठलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "आजी, उद्या जहाज नाहीये इथे. पहाटे जाणार. कितीदा सांगितलं तुम्हाला."

"माहीत आहे. हात आखडला होता माझा, कान नाही."

"मग दोन शब्द बोलायला काय झालं होतं? ती बाई महिनोन्‌महिने तुमचा हात धरून भिंतीशी उभी होती. तुमच्या शिव्या खाल्ल्या तिने."

"तुझ्या आईने तुला हेच शिकवलं का? जेवण गिळायच्या आत आभार मानायचे? घरी कुणी हात बघितला नाही अजून माझा. कशाचे आभार मानू? कुणाला साक्षीला धरून?"

"ती वाट बघत होती."

"बघू दे. वाट बघून कुणी मेलेलं नाही." आणि आयितेच्या खांद्यावर डावा हात टेकवून आजी जिना उतरली. जिन्याच्या लोखंडी पट्टीला उजव्या हाताने धरायला ती अजून घाबरत होती, हे सेफाकोला दिसलं, पण त्या वेळी तिला दया आली नाही. तिला शरम वाटत होती. एवढ्या परक्या माणसांसमोर आपल्या माणसांची लाज गेली असं तिला वाटलं, आणि त्यांच्या आभारांची बढाई मारली कुणी, तर आपणच.

वॉर्डात हिल्के ती शेवटची चादर काढत होती. सेफाको बोलू लागली तर ती म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस, मला कळतंय. खरंच कळतंय. आणि आभारांसाठी कुठे आले होते मी?" असं म्हणून तिने त्या चादरीची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

मग त्या दोघींचाही निरोप घ्यायची वेळ झाली. हिल्केने खिशातून पिवळ्या चिकटपट्टीचं उरलेलं रीळ काढलं आणि पुढे केलं. अर्थात डाव्या हाताने.

"डावा हात आहे हं," ती म्हणाली. उच्चार अजून तसेच होते.

"हातच आहे," सेफाकोने म्हटलं आणि रीळ घेतलं. आता तिने बोलायला हवं होतं. या बाईने तिला किती दिलं होतं. मलम लावायला शिकवलं, जखमेकडे बघताना नजर कशी खंबीर ठेवायची ते शिकवलं, सेफाकोची आई आजारी पडली तेव्हा स्वतः डॉक्टरांना घेऊन घरी आली. सेफाकोने शब्द जुळवले आणि ते तसेच ठेवून दिले. आज मानले तर ते हात झटकल्यासारखं होईल. एवढ्या मोठ्या ऋणाला झोपेची एक रात्रही द्यायची नाही? ती नुसती उभी राहिली, हिल्केच्या दंडाला घट्ट धरून. मग भोंगा झाला, बाहेरच्यांनी उतरायचं म्हणून, आणि ती उतरली. धक्क्यावर आल्यावर तिला कळलं की आपणही माब्लेआजीसारख्याच, एक शब्द न बोलता आलो आहोत. तिच्यावरचा राग मग जरा कमी झाला, पण घरी जाताना पाय उचलत नव्हते.

पहाटे दार वाजलं. बाहेर आयिते, आणि रस्त्यावर एक झेमीवाला मोटारसायकल चालू ठेवून बसलेला.

"बोलू नका, दावी," आयितेने दार उघडताच हात वर केला. 'दावी' म्हणजे मोठी बहीण. तो वयाने हिच्याहून चांगला मोठा होता, पण सकाळ मानाची होती. "एक शब्द बोलू नका. आईनेही तोंड बांधलंय उठल्यापासून. तिने रात्रीच सांगून ठेवलं, की उद्या माझ्या वतीने बोलायला सेफाको पाहिजे, तीच माझी चियामी."

सेफाकोने दाराची चौकट धरली. चियामी म्हणजे राजाचा बोलका माणूस. राजा हळू बोलतो आणि चियामी ते मोठ्याने जगाला सांगतो. अशा माणसाला काठी असते, मान असतो, सभेत जागा असते. मासे धुरवणाऱ्या म्हातारीने शाळेतल्या मास्तरणीला चियामी नेमलं होतं आणि मास्तरणीची छाती अशी भरून आली की तिला तोंड मिटून ठेवणं जड गेलं. तिने आत जाऊन तोंड धुतलं, चर्चला जायचे कपडे घातले आणि गुपचूप झेमीवर बसली.

मोठ्या बंदराच्या शेजारी मच्छीमारांचा धक्का आहे. तिथे दोन होड्या बागिडाहून येऊन लागल्या होत्या. एकीवर आयितेचं जाळं टाकणारे गडी, आणि दोन्हींत माणसंच माणसं. आजीच्या सुना, बहीण, दीर, चुलत नातवंडं, सगळी ठेवणीतल्या कपड्यांत, काहींचे चेहरे लाटांनी हिरवे पडलेले. मधोमध निळ्या लुगड्यात माब्लेआजी, ओठ घट्ट मिटून.

"होडीत बायका घेतल्या," सुकाणूवरचा म्हातारा गडी कुरकुरला. "आता महिनाभर जाळ्यात चिखल येणार."

"ही होडी कुणाच्या माशांवर आली ते आठव," आयिते म्हणाला.

आजीला उत्तर देता येत नव्हतं, तिने त्या गड्याकडे नुसतं बघितलं. तो सुकाणू तपासू लागला.

होड्या बंदराच्या दगडी बांधाबाहेर आल्या तेव्हा उजाडत होतं. थोड्याच वेळात ते पांढरं जहाज बांधाच्या तोंडातून हळूहळू बाहेर आलं, पुढे-मागे छोट्या ओढबोटी घेऊन. सगळी मंडळी डेकवर कठड्याशी उभी होती, सोडून जायच्या शहराकडे बघत. आयितेने होडी जाता येईल तेवढी जवळ न्यायला लावली. सेफाकोची नजर कठड्यावरून फिरली आणि तिला ती सापडली, सगळ्यांपेक्षा उंच, वाऱ्याने केस उडालेली. ती शहराकडेच बघत होती. सेफाकोने दोन्ही हात हलवले. कुणीतरी खाली बोट दाखवलं. हिल्केने खाली बघितलं.

माब्लेआजी उठली. दोन सुनांनी तिची कंबर धरली. तिने त्या दिवसाचा पहिला शब्द उच्चारला.

"काल," ती सेफाकोला म्हणाली, हळू, मोठ्या माणसाने चियामीशी बोलावं तशी. "काल तू मला माझ्या घरी परत पाठवलंस. माझ्या माणसांनी माझा हात बघितला. रात्री मी ते मनात घेऊन झोपले. सकाळी मी कुणाशी बोलले नाही. ही माझी माणसं साक्षीला आहेत. तुझे आणि तुझ्या जहाजाचे कालचे आभार."

सेफाकोने आपला शाळेतला आवाज काढला, मैदानापलीकडच्या पोरांना बोलावण्याचा. तिने एकेक वाक्य इंग्रजीत केलं आणि वर फेकलं. शेवटच्या वाक्याशी तिचा आवाज फाटला. 'कालचे आभार' ती दोनदा ओरडली. आजीचे एकदाचेच होते. दुसरे तिने आपल्या पदरचे घातले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

वर हिल्केने कानाला हात लावला. मग मान हलवली. इंजिनांचा आवाज सगळं खाऊन टाकत होता.

"ऐकू गेलं का तिला?" आजीने विचारलं.

खोटं बोलायची ही शेवटची सोय होती. "नाही, आजी."

"मग तू जरा खाली बस."

आजीने उजवा हात पोटापासून सोडवला. समोर भिंत नव्हती, नुसती हवा होती. तिने बोटं छातीसमोर हवेत टेकवली आणि चढवू लागली, एक बोट, मग दुसरं. खांद्याशी आली. कानाशी आली. कातडी ताणली तसा तिचा चेहरा आक्रसला, पण तोंडातून एकही शिवी आली नाही. डोक्याच्या वर, जिथे शेवटची पिवळी पट्टी असायची तिथे बोटं पोचली, आणि तिथे न थांबता ती आणखी वर गेली, कोपर सरळ होईपर्यंत. मग आजी तशीच उभी राहिली, हात आभाळात, होडी खालून हलत असताना.

हिल्केने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिने कठड्याच्या खांबाला बोटं लावली आणि तीही चढू लागली, आजीबरोबर, आजीच्या मागे. तिच्या शेजारचे लोक काय चाललंय म्हणून बघत होते, आणि ज्यांना वॉर्ड माहीत होता ते रडत होते. होडीतल्या सेफाकोला ते दिसत होतं. काल आजीचं 'उद्या बघू' ऐकून हिरमुसली होती, ती हीच माणसं.

आजीने हात खाली आणला आणि पायाशी ठेवलेलं केळीच्या पानांचं पुडकं उचललं. धुरवलेल्या माशांचा वास होडीभर झाला. "हे तिचं," ती म्हणाली. "तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तिच्या वतीने तू घे." तिने ते उजव्या हाताने पुढे केलं. सेफाकोने उजव्या हाताने घेतलं. आजी काही बोलली नाही आणि सेफाकोही नाही, कारण माफी मागण्यासारखं काही नव्हतंच. मागे बसलेली आजीची बहीण मात्र हुंदके देऊ लागली. इतक्या वर्षांत तिनेही बहिणीकडून माफीशिवाय काही घेतलं नव्हतं.

जहाजाने वेग घेतला. हिल्के कठड्यावर वाकून हात हलवू लागली, जोरजोरात, भान हरपून.

"डावा हलवतेय बघा," सुकाणूवरचा गडी म्हणाला. "एवढे महिने राहून काही शिकली नाही."

माब्लेआजी त्याच्याकडे वळलीच नाही. तिची नजर त्या हलणाऱ्या हातावर होती.

"हातच आहे," ती म्हणाली.

सेफाकोने चमकून तिच्याकडे बघितलं.

"बसलीस काय? चियामी ना तू?" आजी म्हणाली. "सांग तिला. इंग्रजी नको. आपल्या भाषेत सांग, तेवढं तिला कळतं."

सेफाको उठली. तिने तोंडाभोवती हात धरले आणि ओरडली, "हातच आहे." तिच्या एकटीचा आवाज पुन्हा इंजिनात बुडाला. तेव्हा आयिते ओरडला, मग सुना, मग दुसऱ्या होडीतली माणसं, आणि शेवटी नाइलाजाने सुकाणूवरचा तो गडीसुद्धा. दोन्ही होड्यांनी मिळून हाक दिली, "हातच आहे, हातच आहे."

हिल्केचा हात हलायचा थांबला. मग तिने तो डावा हात सरळ डोक्यावर उचलला आणि तसाच धरून ठेवला. आजीनेही आपला उजवा पुन्हा वर केला. जहाज लहान होत गेलं तरी दोघींनी हात खाली घेतले नाहीत, आणि आजीचा दुखत असणारच, हे ठाऊक असूनही होडीतल्या कुणाची तिला 'पुरे' म्हणायची छाती झाली नाही.